तात्यांची अकरा उत्तरं

ज्ञानदेव तात्या सात वर्षं सख्ख्या भावाशी एक शब्द बोलले नाहीत. भाऊ काही बोलला, की ते उत्तर म्हणून अवजार विकत घ्यायचे.

हे मी वाढवून सांगत नाही. ती अवजारं मीच त्यांना विकलेली आहेत. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला गंजलेल्या नांगरांची रांग दिसते, ते माझं आवार. जुनी अवजारं घ्यायची, ठोकून-जोडून, रंग मारून विकायची. एके काळी एमआयडीसीत दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करत होतो. तिथून इथवर आलो तो निव्वळ जिभेच्या जोरावर. माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस या रस्त्यावर तुम्हाला सापडणार नाही. आणि तरी या तात्यांनी माझी जेवढी बदनामी केली तेवढी कुणी केली नाही, कारण त्यांनी माझ्याशी कधी भावच केला नाही.

यात बदनामी कसली, असं तुम्हाला वाटेल. आमच्या धंद्यात सांगितलेला भाव हा भाव नसतो, ती बोलण्याची सुरुवात असते. मी वरून सांगायचं, गिऱ्हाइकानं हसायचं, उठून चालायला लागायचं, मी हाताला धरून बसवायचं, चहा मागवायचा. शेवटी दोघंही आपणच जिंकलो असं समजून घरी जायचे. तात्या पहिल्यांदा आले, मी भाव सांगितला, आणि त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. उतरायला म्हणून मी राखलेली जागा तशीच राहिली. वर हा माणूस पारावर बसून ती रक्कम ज्याला त्याला अभिमानानं सांगतो. लोक म्हणतात, शेटनं म्हाताऱ्याला लुटलं. आता मी घरोघर जाऊन सांगू का, की मला लुटायचं नव्हतं, त्यांनी मला थांबवलंच नाही?

तर तात्या आणि त्यांचे धाकटे भाऊ बापू. सणसरच्या शिवारात कालव्याच्या कडेला दीड एकर यांचं, दीड एकर त्यांचं, मध्ये हातभर रुंदीचा बांध. वाटणीत रान वाटलं, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले, पण हौशा आणि पाखऱ्या ही खिलार जोडी काही वाटता आली नाही. बैल सामाईक राहिले. मग तात्यांच्या मनात छोटा ट्रॅक्टर भरला. उसाच्या दोन ओळींमधून चालणारा, बाजेएवढ्या रुंदीचा. त्यांचं म्हणणं, जोडी विकू आणि दोघांत ट्रॅक्टर घेऊ. बापूंचं म्हणणं, बैल विकायचे तर आधी मला विका. शेवटी तात्यांनी बैलांवरचा हक्क सोडला आणि एकट्यानं ट्रॅक्टर आणला. पेढे घेऊन भावाकडे गेले. बापूंनी पेढा घेतला, खाल्ला, पाणी प्यायले आणि सांगितलं की हे लोखंड बांधाच्या अलीकडं येणार नाही. तात्या म्हणाले, एक दिवस तूच बोलावशील.

तेव्हापासून तात्यांची जगाकडं एकच मागणी होती. बापूनं एकदा ट्रॅक्टर आपल्या रानात बोलवावा. एका सरीपुरता का होईना.

दोघं भाऊ सणसरच्या एकाच सलूनमध्ये दाढी करतात. बापू सोमवारी, तात्या मंगळवारी. सोमवारी बापू जे बोलतात ते सलूनवाला मंगळवारी फेस लावता लावता तात्यांना ऐकवतो. तात्यांना तोंड उघडता येत नाही, कारण गालावर वस्तरा असतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथं आहे. तोंडाला फेस नसता तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. तात्या गाल पुसतात, ट्रॅक्टरवर बसतात आणि थेट माझ्या आवारात येतात.

पहिल्या वर्षी बापू म्हणाले होते की नांगरट करील, पण सरी सोडील का? तात्यांनी सरी सोडायचा रिजर नेला. बापू म्हणाले, सरी सोडंल, पण उसाला बांधणी कोण करंल, ह्याचा बाप? बाप दोघांचा एकच, पण रागाच्या भरात ते लक्षात राहत नाही. तात्यांनी बांधणीचे फाळ नेले. मग बापूंनी सांगितलं की बैल मागनं खत देतो, ह्याच्या मागनं निस्ता धूर निघतो. तात्या माझ्याकडून शेणखत विस्कटायची ट्रॉली घेऊन गेले. प्रत्येक वेळी अवजार जोडून झालं की ते सीटवर बसून बांधापलीकडं बघायचे आणि म्हणायचे, "आता बोल म्हणावं."

बापू बोलायचेच. माझा धंदा त्यावरच चालला होता. खरं सांगायचं तर एक बोल बापूंच्या नावावर मीच सोडलेला आहे. फवारणीचा एक ब्लोअर माझ्या आवारात दोन वर्षं पडून होता. त्याच सलूनमध्ये दाढीला गेलो असताना मी सहज म्हणालो, बापू कायतरी फवारणीचं बोलत होते म्हणे. मंगळवारी ब्लोअर गेला. दीड एकर उसाला ब्लोअर कशाला लागतो ते मला विचारू नका. तात्या त्यानं अंगणातला पाला उडवतात.

खड्डे घ्यायचं मशीन नेलं तेव्हा तर कमाल झाली. ते जमिनीत कसं शिरतं हे बघण्याच्या नादात त्यांनी घरामागं चौदा खड्डे घेतले. पंधराव्याच्या आधी म्हशीचा पाय एका खड्ड्यात गेला, आणि तात्यांच्या घरच्या काकू बाहेर आल्या. काय बोलल्या ते तात्या सांगत नाहीत. पुढं काकूंनी त्या चौदाही खड्ड्यांत शेवगा लावला आणि आता शेंगांच्या दिवसांत गावभर वाटत फिरतात. त्यातली पहिली पेंढी बांधावरून बापूंच्या घरी जाते. भांडण भावाभावांचं आहे, जावांना त्यात कुणी विचारलेलं नाही.

पोळ्याला बापू म्हणाले, ते आज काय पुजणार, टायर? तात्यांनी ट्रॅक्टर धुतला, बॉनेटवर झूल टाकली, स्टिअरिंगला गोंडे बांधले, आणि वाजतगाजत वेशीपर्यंत नेला. सायलेन्सर तापला, झूल जळली. तात्या उतरून झूल विझवत होते तेव्हा पलीकडून बापू हौशा-पाखऱ्याला घेऊन चालले होते. ते हसले नाहीत. लोकांना वाटलं होतं हसतील.

हल्ली तात्या मोबाइलवर परदेशातले छोटे ट्रॅक्टर बघतात. एक गोरा म्हातारा आपल्या बंगल्याभोवतीचं गवत ट्रॅक्टरनं कापतो, तो त्यांचा विशेष आवडता. मला दाखवत होते. म्हणाले, "शेट, सकाळधरनं गवात कापतोय. म्हस येक बी दिसंना. मग कशापायी?" मी म्हणालो, हौस. त्यांना ते पटलं नाही. हौसेखातर ट्रॅक्टर चालवणं ही गोष्ट त्यांच्या बुद्धीला झेपत नव्हती, आणि हे मला अकरा अवजारांचा धनी सांगत होता.

एकदाच ते रिकाम्या हातानं गेले. त्या सोमवारी बापू सलूनमध्ये म्हणाले होते की बैलाला नावानं हाक मारली तर तो वळून बघतो. मंगळवारी तात्या आले आणि दुपारभर माझ्या आवारात फिरले. फणांवरून हात फिरवला, एका रोटाव्हेटरची पाती मोजली, पंपाजवळ उभे राहिले. मी दोनदा विचारलं, काय हवंय. चहा न घेता गेले. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की मला राग येतो, त्या दिवशी आला नाही. त्याचाच मला पुढं राग आला.

या उन्हाळ्यात पाखऱ्या गोठ्यात बसला तो उठलाच नाही. म्हातारा झाला होता.

आता इथं थोडं सांगायला हवं. जोडीतला बैल आयुष्यभर एका अंगाला चालतो. हौशा उजवा. त्याला डाव्या अंगाचाच जोडीदार लागतो, आणि उंचीला बरोबर लागतो, नाहीतर जू तिरपं होतं. आमच्या भागात बैल उरलेत कुठं? कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येतात आणि हंगाम संपला की जातात. बापू दोन बाजार फिरून मोकळे परत आले. इकडं ऊस गुडघ्याच्या वर गेला होता. मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुडाशी माती चढवायचं काम, आठ दिवसांत व्हायलाच हवं होतं. ऊस कमरेला लागला की सरीत बैलही शिरत नाहीत आणि ट्रॅक्टरही. मग वाऱ्यानं ऊस आडवा पडतो आणि वर्षाची मेहनत जमिनीला टेकते.

सगळ्या सणसरला दिसत होतं की आता बापूंना बोलवावं लागणार. सलूनमध्ये चहाच्या पैजा लागल्या. मी तोंडदेखलं सगळ्यांबरोबर हसत होतो, पण माझं पोट वेगळंच दुखत होतं. भाऊ बोलायला लागले तर माझं बिनभावाचं गिऱ्हाईक गेलं.

आणि सोमवारी निरोप आला. बापूंनी दाढी करता करता सलूनवाल्याला सांगितलं, तात्याचा ट्रॅक्टर मोकळा असंल तर इचार. एवढंच. सलूनवाल्यानं मंगळवारची वाट बघितली नाही, अर्धी दाढी टाकून फोन केला.

मंगळवारी सकाळी तात्या माझ्या आवारात आले. मी मुद्दाम उठून उभा राहिलो, म्हणालो, जिंकलात की तुम्ही. पेढे कुठायत? ते ट्रॅक्टरवरून उतरले. मागच्या ट्रॉलीत पलटी नांगर, ब्लोअर, खड्ड्याचं मशीन आणि उसाचा वाळला पाला बारीक करायचं पाचट कुट्टीचं यंत्र दोरखंडानं बांधलेलं होतं. म्हणाले, ही परत घ्या, आणि मला डाव्या अंगाचा खिलार बैल बघून द्या. दोन दिवसांत.

माझं डोकं फिरलं. मी आवारातल्या माणसांसमोर त्यांना वाटेल ते बोललो. सात वर्षं ज्यासाठी माझं डोकं खाल्लंत, ते समोरून चालत आलंय, किल्ली फिरवा आणि बांध ओलांडा. आता बैल कसला घेताय?

तात्या एका उलट्या पडलेल्या फणावर बसले. म्हणाले, "त्यानं बोलावलं न्हाय, शेट. त्याचा बैल मेला म्हनून बोलावलं."

मी म्हणालो, बोलावलं ना?

"मी गेलो आसतो," ते म्हणाले, "तर त्यो बांधावर खाली मान घालून हुबा ऱ्हायला आसता. मी सरी घेत ऱ्हायलो आसतो आन त्यो हुबा. मला ते बघायचं न्हाय."

मग मी मला येतं तेच केलं, धंदा. चार अवजारांची किंमत सांगितली, नेहमीप्रमाणे पाडून. जुनं विकायला आलेल्या माणसाला जी सांगतात ती. तात्यांनी मान डोलावली. म्हटलं, अहो भाव करा. म्हणाले, तुमी बघून द्या. मी म्हणालो, हे फार कमी आहे. म्हणाले, आसू द्या. मग मात्र माझी सहनशक्ती संपली. मी खुर्चीवरून उठलो आणि त्यांच्या बाजूनं माझ्याशीच भांडायला लागलो. नांगराचे फाळ नवीन आहेत की नाहीत? आहेत. कुट्टीचं यंत्र किती चाललंय, एक हंगाम? तेवढंच. मग इतक्यात कसं देता? बरं, थोडं वर चला. आणखी थोडं. आवारातली माणसं काम सोडून बघत होती. उभ्या आयुष्यात मी एवढा मोठा व्यवहार हरलो नव्हतो, आणि हरवायला समोर कुणी नव्हतं.

बाजाराला मीच बरोबर गेलो. त्यांना एकटं सोडलं असतं तर त्यांनी व्यापाऱ्याला पहिल्याच बोलाला पैसे मोजले असते. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. बघणाऱ्याला काही कळत नाही. मी तात्यांना बजावलं होतं की तुम्ही फक्त बैल बघा, हात खिशात ठेवा.

त्यांनी बैल बघितला तो असा. दात बघितले नाहीत, खूर उचलला नाही. प्रत्येक बैलाच्या उजव्या बाजूला, म्हणजे जिथं हौशा असायचा तिथं, ते स्वतः उभे राहायचे, मानेवर हात टाकायचे आणि दहा पावलं बरोबर चालायचे. बाजार हसत होता. अकराव्या की बाराव्या बैलाबरोबर चालून आले आणि म्हणाले, ह्यो. त्या बैलाचं एक शिंग टोकाशी मोडलेलं होतं, म्हणून सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं. मी उपरण्याखाली व्यापाऱ्याची बोटं धरली आणि आदल्या दिवशीचा सगळा राग त्याच्यावर काढला.

बैल बापूंकडं मी न्यायचा, माझा म्हणून न्यायचा, आणि तात्यांचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. टेम्पोत चढवण्याआधी तात्यांनी त्याच्या गळ्यात नवीन दावं बांधलं. दाव्याकडं मी काही लक्ष दिलं नाही. मला लोखंडातलं कळतं.

बापूंना मी आधीच रचून नेलेली गोष्ट सांगितली. एका व्यवहारात हा बैल माझ्या गळ्यात पडलाय, आवारात लोखंडाला अंग घासतोय, तुम्हाला बांधणीपुरता चालत असेल तर वापरा, पुढचं पुढं. मी इतकं बेमालूम खोटं बोललो की क्षणभर मला स्वतःलाच तो बैल नकोसा झाला. बापू बैलाभोवती एक चक्कर मारून आले. शिंग मोडकं हाय म्हणाले. मी म्हणालो, शिंगानं बांधणी करायची नाही. त्यांनी मानेवर हात ठेवला, खाली सरकवला, आणि दाव्याची गाठ दोन बोटांत धरली.

"ही गाठ कुनी मारली?"

मी म्हणालो, मीच.

"तुमाला येत न्हाय ही," बापू म्हणाले. "आमच्या वडलांची, आबांची हाय. आमा दोघांलाच येती."

बापूंनी गाठ सोडली नाही, सैल केली नाही. बैलाला हौशाशेजारी नेऊन बांधलं आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, ऱ्हाऊ द्या. जावा तुमी.

दोन दिवसांनी मला इंदापूरला एक रोटाव्हेटर पोचवायचा होता. सरळ डांबरी रस्ता सोडून मी गाडी कालव्याच्या वाटेनं का घातली ते विचारू नका. वाट अरुंद आहे. बापूंच्या रानापाशी पोचलो तर पुढं तात्यांचा ट्रॅक्टर वाटेच्या मधोमध उभा, बंद, तात्या सीटवरच. मला वाटलं बिघडला. मी हॉर्नवर हात ठेवला, आणि मग बाजूला दिसलं.

बापूंची जोडी सरीच्या टोकाला, वाटेपासून पाचसहा पावलांवर आली होती. हौशा शांत होता. नव्या बैलाचे कान ताठ झाले होते, ट्रॅक्टरकडं बघून तो जू ओढत मागं सरत होता. बापूंनी एका हातानं त्याची वेसण धरली आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या वाटेकडच्या डोळ्यावर ठेवला. मग तात्यांकडं न बघताच म्हणाले, "जावा, दादा. धरलाय मी."

तात्यांनी किल्लीला हात लावला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसले होते.

"नगं," ते म्हणाले. "बुजंल त्यो. तू तुझी सरी घे."

बापूंनी बैलाच्या डोळ्यावरचा हात काढला, जोडी वळवली आणि पुढच्या सरीत घातली. सरी लांब होती, नवा बैल अजून बिचकत पाऊल टाकत होता, आणि बापूंना कसलीच घाई दिसत नव्हती. इंदापूरचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. मी फोन सीटवर पालथा ठेवला आणि गाडी बंद केली.